दोन मिनिटांत नाहीशा होणाऱ्या नोंदी : ईएचकॅशेच्या कॉन्फिगरेशनविषयी वाचकांचे प्रश्न

जावामध्ये काम करणाऱ्या वाचकांच्या पत्रांपैकी ईएचकॅशे या लायब्ररीच्या कॉन्फिगरेशन फाइलसंबंधीची पत्रे या अंकासाठी एकत्र घेतली आहेत. डेटाबेसमधून एकदा आणलेली माहिती मेमरीत ठेवणे आणि पुन्हा मागणी आली की तेथूनच देणे, एवढेच या लायब्ररीचे काम आहे. मात्र तिच्या फाइलमध्ये काही चुकले तरी ॲप्लिकेशन बहुधा बंद पडत नाही. ते मंद होते, शिळी माहिती दाखवू लागते किंवा काही आठवड्यांनी मेमरी संपून कोसळते, आणि तोपर्यंत फाइलवर कोणाचाही संशय जात नाही. म्हणून फाइलमध्ये काय लिहावे याच्या आधी ती फाइल खरोखर वाचली जाते का, हे पाहण्यावर पुढील उत्तरांत भर दिला आहे. टॅगची आणि सेटिंगची नावे येथे उच्चारानुसार देवनागरीत दिली आहेत. फाइलमध्ये ती अर्थातच मूळ स्पेलिंगने लिहावीत.

प्रश्न : आमचे वेब ॲप्लिकेशन टॉमकॅट या सर्व्हरवर चालते. हायबरनेट या डेटाबेसशी बोलणाऱ्या लायब्ररीच्या दुसऱ्या पातळीच्या कॅशेसाठी आम्ही ईएचकॅशेची २.१० ही आवृत्ती वापरतो. ईएचकॅशे डॉट एक्सएमएल या फाइलमध्ये टीटीएल (नोंद तयार झाल्यापासूनची मुदत) ३६०० सेकंद दिला आहे, तरी नोंदी दोन मिनिटांतच नाहीशा होतात आणि हायबरनेट पुन्हा डेटाबेसकडे जाते. फाइलमधील आकडे बदलून सर्व्हर रीस्टार्ट केला, तरी काहीही फरक पडला नाही. फाइल वेब-इन्फ फोल्डरमध्ये ठेवली आहे. — एक वाचक, पुणे

उत्तर : आपल्या पत्रातील दोन तपशील शेजारी ठेवले की निदान जवळजवळ होऊन जाते. आकडे बदलूनही फरक पडत नाही, याचा अर्थ आपली फाइल वाचलीच जात नसावी. आणि नोंदी बरोबर दोन मिनिटांनी जातात, यावरून तिच्याऐवजी काय वाचले जात आहे तेही कळते. ईएचकॅशे २ ला क्लासपाथवर (जावा ज्या जागांवर क्लास आणि फाइली शोधते तेथे) ईएचकॅशे डॉट एक्सएमएल सापडली नाही, तर ती थांबत नाही, तर आपल्याच जारमध्ये (लायब्ररीच्या पॅकेज-फाइलमध्ये) असलेली 'ईएचकॅशे-फेलसेफ डॉट एक्सएमएल' ही फाइल उचलते. त्या फाइलमधील डीफॉल्ट कॅशेचे टीटीएल आणि टीटीआय (शेवटच्या वापरानंतरची मुदत) हे दोन्ही १२० सेकंद आहेत. आपली दोन मिनिटे तेथून आली आहेत.

ॲप्लिकेशन सुरू होतानाच्या लॉगमध्ये 'नो कॉन्फिगरेशन फाउंड' या शब्दांनी सुरू होणारी आणि फेलसेफ फाइलचे नाव घेणारी वॉर्न पातळीची ओळ शोधा. ती सापडली तर शंकेला जागा राहत नाही. ती दिसत नसेल, तर 'नेट डॉट एसएफ डॉट ईएचकॅशे' या पॅकेजची लॉग पातळी डीबगवर आणून पुन्हा सुरू करा. मग कोणती फाइल कोणत्या जागेवरून घेतली हे लायब्ररी स्वतःच लिहिते. अनेक प्रकल्पांत लॉग आटोक्यात ठेवण्यासाठी बाहेरच्या लायब्ररींची पातळी एररवर नेऊन ठेवलेली असते, आणि नेमकी हीच एक ओळ त्यात गडप होते. कॅशेच्या बाबतीत ही काटकसर महागात पडते, असे माझे स्पष्ट मत आहे. निदान वॉर्न पातळी तरी उघडी ठेवावी.

आता जागेविषयी. वेब-इन्फ हा फोल्डर क्लासपाथवर नसतो. क्लासपाथवर असतो तो त्याच्या आतील क्लासेस हा फोल्डर, आणि लिब फोल्डरमधील जार. आपण मेव्हन हे बिल्डचे साधन वापरत असाल तर फाइल 'एसआरसी/मेन/रिसोर्सेस' मध्ये ठेवावी, म्हणजे बिल्डच्या वेळी ती आपोआप वेब-इन्फच्या क्लासेसमध्ये जाते. काही जण ती जावा फाइलींच्या शेजारी 'एसआरसी/मेन/जावा' मध्ये ठेवतात, पण मेव्हन तेथून जावाखेरीज इतर फाइली उचलत नाही. खात्री करून घ्यायची असेल तर प्रकल्पाच्या फोल्डरकडे न पाहता तयार झालेली वॉर फाइल (संपूर्ण ॲप्लिकेशनचे पॅकेज) उघडून पाहावी. जावासोबत येणारी 'जार' ही कमांड टी आणि एफ हे पर्याय देऊन चालवली की आतील सर्व फाइलींची यादी समोर येते. त्या यादीत नावातील लहान-मोठी अक्षरेही तपासावीत. विंडोजवरच्या फोल्डरमधून चालणारे नाव लिनक्स सर्व्हरवर केवळ एका कॅपिटल अक्षरामुळे सापडेनासे होते.

फाइल जागेवर असूनही संशय राहिला, तर एक साधी परीक्षा आहे. चाचणीच्या सर्व्हरवर त्या फाइलमधील एखादा बंद करणारा (क्लोजिंग) टॅग मुद्दाम काढून टाका आणि ॲप्लिकेशन सुरू करा. फाइल वाचली जात असेल तर एक्सएमएल वाचता आले नाही अशी तक्रार करून ते सुरू होतानाच अडेल. ते निवांत सुरू झाले, तर आपण दुसऱ्याच फाइलवर मेहनत घेत आहात. असे होण्याचे एक कारण म्हणजे क्लासपाथवर दुसऱ्या एखाद्या जागी त्याच नावाची फाइल असणे. क्लास लोडरला 'गेट रिसोर्सेस' ही मेथड वापरून त्या नावाच्या सर्व फाइली विचारल्या आणि मिळालेले पत्ते लॉगमध्ये छापले, की असे प्रकार लगेच उघड होतात. मेथडचे अनेकवचनी रूपच वापरावे, कारण एकवचनी रूप फक्त पहिली फाइल सांगते.

हायबरनेटला फाइलचे नाव 'कॉन्फिगरेशन रिसोर्स नेम' या प्रॉपर्टीने स्वतंत्रपणे सांगता येते आणि तसे सांगणे चांगलेच. पण तेथेही सावध राहावे लागते, कारण दिलेल्या नावाची फाइल मिळाली नाही तर हायबरनेट लॉगमध्ये इशारा लिहून डीफॉल्ट सेटिंग्जवरच पुढे जाते.

फाइल वाचली जाऊ लागल्यावर एक गोष्ट उरते, ती म्हणजे कॅशेचे नाव. हायबरनेट एखाद्या एन्टिटीसाठी (डेटाबेसच्या टेबलाशी जोडलेल्या क्लाससाठी) पॅकेजसह पूर्ण क्लासच्या नावाची कॅशे शोधते आणि ती फाइलमध्ये नसली तर डीफॉल्ट कॅशेच्या साच्यातून नवी बनवते. लॉगमध्ये एचएचएच०२०००३ या क्रमांकाचा इशारा दिसला, तर हेच घडले आहे असे समजावे. त्या ओळीत चौकोनी कंसात जे नाव छापलेले असते, ते जसेच्या तसे उचलून फाइलमधील नावाशी ताडून पाहावे. पॅकेजचे नाव बदलले पण एक्सएमएलमध्ये जुनेच राहिले, किंवा सेटिंगमध्ये रीजन प्रीफिक्स (कॅशेच्या नावांआधी लागणारा भाग) दिला आणि तो फाइलमधील नावांना लावायचा राहिला, ही नेहमीची कारणे आहेत. शिवाय 'इटर्नल' हे अ‍ॅट्रिब्यूट ट्रू असेल तर टीटीएल आणि टीटीआय यांकडे लक्षच दिले जात नाही, आणि या दोहोंना शून्य दिले तर नोंद कालबाह्य होतच नाही. शून्य म्हणजे 'लगेच काढून टाका' असा समज करून घेतलेल्या फाइली अनेक ठिकाणी दिसतात.

प्रश्न : आम्ही स्प्रिंग बूट या जावा फ्रेमवर्कच्या आवृत्ती ३ वर जात आहोत. ईएचकॅशेचा आवृत्ती क्रमांक २ वरून ३ केला, पण जुनी फाइल चालत नाही. काही टॅग बदलून पाहिले, तर आता 'इन्व्हॅलिड की टाइप' असे एक्सेप्शन येते. जुनी फाइल नव्या रूपात आणण्याचा सोपा मार्ग आहे का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : टॅग बदलत जाण्याने हे काम होणार नाही, फाइल नव्याने लिहावी लागेल. नाव एक असले तरी या दोन वेगळ्या लायब्ररी आहेत असे समजून चालावे. जुनीचे मेव्हनमधील ग्रुपचे नाव 'नेट डॉट एसएफ डॉट ईएचकॅशे' होते, नवीचे 'ऑर्ग डॉट ईएचकॅशे' आहे. दोन्हींची पॅकेजेस वेगळी असल्यामुळे त्या एकाच क्लासपाथवर एकत्र नांदू शकतात, आणि म्हणूनच स्थलांतराच्या काळात मोठा घोळ होतो, कारण एखाद्या जुन्या डिपेन्डन्सीमागून दुसरी आवृत्ती आत आलेली असते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. मेव्हनचा डिपेन्डन्सी ट्री छापून पाहणे हे पहिले काम.

स्प्रिंग ६ आणि त्यावर उभे असलेले स्प्रिंग बूट ३ यांनी ईएचकॅशे २ चा आधार काढून टाकला आहे. आता स्प्रिंग नव्या ईएचकॅशेशी जेकॅशे या प्रमाणित एपीआयमार्फत बोलते. त्यामुळे फाइलचा पत्ता 'स्प्रिंग डॉट कॅशे डॉट ईएचकॅशे डॉट कॉन्फिग' या जुन्या प्रॉपर्टीने न देता 'स्प्रिंग डॉट कॅशे डॉट जेकॅशे डॉट कॉन्फिग' या प्रॉपर्टीने द्यावा लागतो, आणि जेकॅशेची एपीआय जारही क्लासपाथवर असावी लागते. एक्सएमएल वाचण्यासाठी ईएचकॅशे ३ जॅक्सबी वापरते. हे जॅक्सबी जावा ११ पासून जेडीकेमध्ये येत नाही, आणि स्प्रिंग बूट ३ च्या जगात त्याचे पॅकेज जावाएक्सवरून जकार्तावर गेले आहे. म्हणून ईएचकॅशेची डिपेन्डन्सी लिहिताना 'जकार्ता' हा क्लासिफायर जोडावा. तो राहिला तर येणाऱ्या लांबलचक स्टॅकट्रेसमध्ये जॅक्सबीचा एखादा क्लास सापडत नसल्याचे म्हटलेले असते, आणि वाचणारा मात्र आपल्या एक्सएमएलमध्ये चूक शोधत बसतो.

आता फाइलकडे वळू. जुन्या फाइलचा सर्वांत बाहेरचा टॅग 'ईएचकॅशे' होता, नव्याचा 'कॉन्फिग' आहे आणि त्याला तिसऱ्या आवृत्तीची नेमस्पेस द्यावी लागते. कॅशेचे नाव 'नेम' ऐवजी 'अलियस' मध्ये जाते. मर्यादा आणि मुदती पूर्वी अ‍ॅट्रिब्यूट म्हणून एका ओळीत लिहिल्या जात. आता त्या आतील स्वतंत्र टॅगमध्ये येतात, आणि त्या टॅगचा क्रम ठरलेला आहे. प्रथम की-टाइप, मग व्हॅल्यू-टाइप, त्यानंतर एक्स्पायरी आणि त्याच्या खाली रिसोर्सेस. प्रत्येक टॅग अचूक असूनही केवळ रिसोर्सेस वर आणि एक्स्पायरी खाली गेल्यामुळे स्कीमाची तपासणी फाइल नाकारते. सर्व कॅशेंना समान असलेला भाग 'कॅशे-टेम्प्लेट' मध्ये एकदाच लिहून बाकी ठिकाणी 'युजेस-टेम्प्लेट' ने त्याचा उल्लेख केला, तर फाइल बरीच आटोपशीर होते.

मुदतीबाबत मात्र खरा बदल आहे. जुन्या फाइलमध्ये टीटीएल आणि टीटीआय दोन्ही देता येत आणि जी मुदत आधी संपेल ती लागू होई. नव्या फाइलमध्ये एक्स्पायरीच्या आत दोहोंपैकी एकच देता येते, आणि काहीच दिले नाही तर नोंदी कधीही कालबाह्य होत नाहीत. माझ्या मते बहुतेक ठिकाणी टीटीएल ठेवून टीटीआय सोडून द्यावा, कारण शिळी माहिती किती वेळ चालवून घ्यायची याची हमी टीटीएलच देतो. सतत वाचली जाणारी नोंद टीटीआयवर कितीही दिवस जिवंत राहू शकते. दोन्ही हवेच असतील तर एक्स्पायरी पॉलिसीचा क्लास स्वतः लिहून त्याचे नाव फाइलमध्ये द्यावे. नोंद वाचली जाताना लायब्ररी त्या क्लासला फक्त की आणि व्हॅल्यू देते, ती नोंद केव्हा तयार झाली हे सांगत नाही. त्यामुळे निर्मितीची वेळ व्हॅल्यूमध्येच ठेवण्याची व्यवस्था करावी लागते.

राहिले आपले एक्सेप्शन. त्याची ओळ शेवटपर्यंत वाचली तर बहुधा असे दिसेल की अपेक्षा लाँगची होती आणि प्रत्यक्षात मिळाली ती स्प्रिंगची 'सिम्पल की'. आपण की-टाइपमध्ये लाँग लिहिले आहे. स्प्रिंगचा नियम असा की कॅशेबल मेथडला (जिचा निकाल कॅशेत ठेवायचा आहे तिला) एकच पॅरामीटर असेल तर तोच की होतो, पण पॅरामीटर एकाहून अधिक असतील किंवा एकही नसेल तर स्प्रिंग त्यांची सिम्पल की बनवते. म्हणजे ग्राहक क्रमांक घेणारी मेथड व्यवस्थित चालते; पुढे कोणी तिला शाखा क्रमांक हा दुसरा पॅरामीटर जोडतो आणि फाइलला हातही न लावता कॅशे मोडते. अशा वेळी की-टाइपमध्ये सिम्पल कीच्या क्लासचे पूर्ण नाव द्यावे किंवा अ‍ॅनोटेशनमध्येच की स्पष्ट लिहून ती लाँग राहील असे पाहावे. की-टाइप काढून टाकला की ऑब्जेक्ट गृहीत धरला जातो आणि एक्सेप्शन थांबते, हे खरे आहे. पण मग एकाच कॅशेत दोन प्रकारच्या की शिरल्या तरी कळत नाही, म्हणून तो मार्ग मी सुचवणार नाही.

प्रश्न : ॲप्लिकेशन सुरू होताना 'अनदर अननेम्ड कॅशेमॅनेजर' आधीच अस्तित्वात आहे असे एक्सेप्शन येते. आमच्याकडे स्प्रिंग आणि हायबरनेट दोन्ही ईएचकॅशे २ वापरतात. — एक वाचक, पणजी

उत्तर : आवृत्ती २.५ पासून एकाच जेव्हीएममध्ये (जावाच्या एका चालू प्रोसेसमध्ये) एकाच नावाचे, किंवा नावच नसलेले, दोन कॅशे मॅनेजर चालत नाहीत. आपल्याकडे एक स्प्रिंग तयार करते आणि दुसरा हायबरनेट. दोघांच्या कॅशे स्वतंत्र ठेवायच्या असतील तर दोन फाइली करून प्रत्येकीच्या बाहेरच्या टॅगला वेगळे नाव द्यावे. त्या डिस्कही वापरत असतील तर डिस्कस्टोअरचा पाथही वेगळा द्यावा. एकच मॅनेजर पुरत असेल तर स्प्रिंगच्या फॅक्टरी बीनला 'शेअर्ड' ट्रू करावे आणि हायबरनेटसाठी सिंगलटन प्रकारची रीजन फॅक्टरी निवडावी. हेच एक्सेप्शन फक्त री-डिप्लॉयनंतर येत असेल, तर कारण निराळे असते. जुना मॅनेजर बंद न होता मागे राहिलेला असतो आणि ईएचकॅशेची जार बहुधा टॉमकॅटच्या सामाईक लिबमध्ये असते. ती ॲप्लिकेशनच्या स्वतःच्या लिबमध्ये आणावी आणि वेब डॉट एक्सएमएलमध्ये ईएचकॅशेचा शटडाउन लिसनर नोंदवावा.

प्रश्न : हायबरनेटसोबत ईएचकॅशे ३ वापरतो. फाइलमध्ये प्रत्येक कॅशेला मर्यादा दिली आहे, तरी काही दिवसांनी हीप (जावाची नेहमीची मेमरी) भरून 'आउट ऑफ मेमरी' येते. हीप डम्पमध्ये ईएचकॅशेचेच ऑब्जेक्ट सर्वाधिक दिसतात. — एक वाचक, ठाणे

उत्तर : फाइलमधील 'प्रत्येक' कॅशेला मर्यादा आहे, पण मेमरीतील प्रत्येक कॅशे फाइलमध्ये आहे का, हे पाहावे लागेल. हायबरनेट ५.३ पासून जेकॅशेमार्फत काम करताना एखादी कॅशे सापडली नाही तर ती जागच्या जागी तयार केली जाते आणि लॉगमध्ये एचएचएच९०००१००६ हा इशारा येतो. अशी कॅशे पुरवठादाराच्या डीफॉल्टवर चालते. ईएचकॅशेच्या बाबतीत तिला ना संख्येची मर्यादा असते, ना मुदत. नवी एन्टिटी जोडली आणि फाइलमध्ये तिची कॅशे लिहायची राहिली, की ती वाढतच जाते. क्वेरी कॅशे चालू केली असेल तर 'डीफॉल्ट-क्वेरी-रिझल्ट्स-रीजन' आणि 'डीफॉल्ट-अपडेट-टाइमस्टॅम्प्स-रीजन' या दोन कॅशेही फाइलमध्ये हव्यात, आणि त्या हमखास विसरल्या जातात. यांपैकी टाइमस्टॅम्पच्या कॅशेला मुदत लावू नये, कारण क्वेरीचा साठवलेला निकाल अजून ग्राह्य आहे की नाही हे तिच्यातील वेळांवरूनच ठरते.

यावरचा उपाय एका ओळीचा आहे आणि तो प्रत्येक प्रकल्पात असावा असा माझा आग्रह आहे. 'मिसिंग कॅशे स्ट्रॅटेजी' या हायबरनेटच्या प्रॉपर्टीला 'फेल' ही किंमत द्यावी. मग फाइलमध्ये नसलेली कॅशे मागितली गेली की ॲप्लिकेशन सुरूच होत नाही आणि विसरलेले नाव त्याच क्षणी, चाचणीच्या सर्व्हरवर, समोर येते.

त्यानंतरही हीप भरत असेल तर मर्यादेचे एकक पाहावे. हीपच्या टॅगला एकक दिले नाही तर आकडा नोंदींची संख्या म्हणून घेतला जातो. २००० लिहिणाऱ्याच्या मनात लहान नोंदी असतात, पण त्यांतील प्रत्येक नोंद म्हणजे शेकडो ओळींची यादी असू शकते. अशा कॅशेसाठी मर्यादा एमबीमध्ये द्यावी. मात्र तसे केल्यावर प्रत्येक नोंद ठेवताना तिचा आकार मोजला जातो आणि त्याला वेळ लागतो; म्हणून सर्वत्र सरसकट एमबी लावू नये. ऑफहीपचा थर जोडणार असाल तर तो हीपपेक्षा मोठा आणि डिस्कचा थर त्याहून मोठा असावा लागतो. उलटा क्रम दिसला तर लायब्ररी 'टिअरिंग इन्व्हर्जन' म्हणून फाइल नाकारते. ऑफहीपची मेमरी नेहमीच्या हीपच्या मर्यादेत धरली जात नाही. तिच्यासाठी जेव्हीएमच्या 'मॅक्स डायरेक्ट मेमरी साइझ' या पर्यायात जागा राखून ठेवावी.

प्रश्न : ईएचकॅशे ३ मध्ये डिस्कचा थर 'पर्सिस्टंट' ट्रू करून लावला आहे, तरी कंटेनर पुन्हा सुरू झाला की कॅशे रिकामी असते. — एक वाचक, बंगळुरू

उत्तर : ईएचकॅशे ३ डिस्कवरील माहिती जपते ती कॅशे मॅनेजर रीतसर 'क्लोज' झाला तरच. पुढच्या वेळी सुरू होताना तो नीट बंद झाला नव्हता असे आढळले, तर माहिती अर्धवट लिहिली गेली असण्याच्या शक्यतेमुळे लायब्ररी डिस्कवरचा साठा पुसून टाकते. डॉकर कंटेनर थांबवताना आधी बंद होण्याचा सिग्नल देते आणि मुलभूत सेटिंगनुसार १० सेकंदांत प्रोसेस संपली नाही तर ती थेट मारून टाकते. कुबरनेटीसमध्ये हा अवधी ३० सेकंदांचा असतो. आपले ॲप्लिकेशन तेवढ्या वेळात बंद होत नसेल, किंवा कंटेनरमध्ये जावा एखाद्या शेल स्क्रिप्टमागे चालत असल्यामुळे तो सिग्नल जावापर्यंत पोहोचतच नसेल, तर प्रत्येक वेळी साठा पुसला जाईल. स्क्रिप्टमधील शेवटची ओळ 'एक्झेक' ने सुरू करावी, म्हणजे स्क्रिप्टची जागा जावाची प्रोसेस घेते आणि सिग्नल तिलाच मिळतो. बंद होतानाच्या लॉगमध्ये कॅशे मॅनेजर क्लोज झाल्याची नोंद येते का, ते पाहून खात्री करावी.

'पर्सिस्टन्स' टॅगमध्ये दिलेली डिरेक्टरी कंटेनरच्या बाहेरील व्हॉल्यूमवर आहे ना, हेही तपासावे. ती आतच असेल तर नव्या कंटेनरबरोबर ती नवी आणि रिकामीच मिळणार. मात्र एकच व्हॉल्यूम दोन कंटेनरना देऊन डिरेक्टरी सामाईक करू नये. ईएचकॅशे त्या डिरेक्टरीला कुलूप लावते आणि दुसऱ्या प्रोसेसला ती वापरू देत नाही. प्रत्येक कंटेनरला वेगळा पाथ हवा असेल तर फाइलमध्ये डॉलर चिन्ह आणि महिरपी कंस वापरून जावाची सिस्टिम प्रॉपर्टी लिहिता येते. ही प्रॉपर्टी जेव्हीएम सुरू करतानाच 'उणे डी' या पर्यायाने द्यावी लागते, कारण स्प्रिंगच्या ॲप्लिकेशन डॉट प्रॉपर्टीज फाइलमधील किंमती ईएचकॅशेच्या एक्सएमएलपर्यंत पोहोचत नाहीत.